भिंतीवरची रेघ

आमच्या इमारतीच्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर गेरूची एक रेघ आहे. ती मी काढली. मी शाळेत चित्रकला शिकवतो. हातात ब्रश आला की मला आवरत नाही, असे घरची मंडळी म्हणतात. पण ही रेघ काही मी हौसेने काढली नव्हती. मुलीने हट्ट धरला होता. टेनिसचे जाळे जमिनीपासून तीन फूट उंच असते एवढे मी कुठेसे वाचले होते. तेव्हा शाळेतली मीटरपट्टी आणली, दोन खिळे ठोकले, सुतळीला खडू लावून ती झटकली आणि गेरूत डिंक कालवून चांगली वीस फूट लांब रेघ ओढली. अगदी पाणसळीत. मागे सरून मी तिच्याकडे कौतुकाने पाहत उभा होतो, तोच तळमजल्यावरचे नाना मागच्या दारातून बाहेर आले.

“मास्तर, रेघ चुकली.”

“चुकली? नाना, पट्टी लावून काढली आहे.”

“म्हणूनच चुकली. जाळं मध्ये तीन फूट असतं, पण खांबांपाशी साडेतीन. मधोमध ते पट्ट्याने खाली ओढलेलं असतं. तुमच्या सरळ रेघेवर पोरगी कोपऱ्यात चेंडू मारायला शिकेल, आणि खऱ्या कोर्टावर तोच चेंडू जाळ्यात जाईल.”

मी निमूटपणे रेघ पुसली आणि वाळत घातलेल्या दोरीसारखी, मध्ये किंचित ओघळलेली अशी दुसरी काढली. दोन दिवसांनी सोसायटीच्या चिटणिसांची चिठ्ठी आली: ‘भिंत विद्रूप करणेबाबत’. पुष्कळ चर्चा झाली आणि शेवटी असे ठरले, की दर दिवाळीला मी स्वखर्चाने ती भिंत पांढरी करून द्यावी. त्यावर पुन्हा रेघ काढायची की नाही, याचा उल्लेख ठरावात नाही. तो राहून गेला, की नानांनी राहू दिला, हे मी अजून विचारलेले नाही.

नाना म्हणजे पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. मूळचे गिरगावातले. निवृत्तीच्या पैशांत गिरगावात खोलीही येईना, म्हणून अनेकांसारखे तेही विरारला आले. कचेरीपासून ब्रेबर्न स्टेडियम हाकेच्या अंतरावर. इतर कारकून दुपारच्या सुट्टीत डबा उघडून राजकारणावर बोलत, तेव्हा नाना डबा लवकर आटोपून टेनिस दिसेल अशी जागा शोधत हिंडत. स्वतः त्यांनी आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. पण माझ्या मुलीच्या वेडाचे मूळ शोधायला गेलात, तर ते तळमजल्यावरच्या त्यांच्या दूरदर्शन संचापाशी सापडेल. चार वर्षांची असल्यापासून ती तिथे जाऊन बसते.

या नानांचा एक ठरलेला प्रश्न आहे. कोणतीही मोठी स्पर्धा सुरू झाली की ते चष्मा पुसत विचारतात, “मास्तर, या दोघांना आता कोण हरवणार?”

हे दोघे म्हणजे स्पेनचा कार्लोस अल्काराझ आणि इटलीचा यानिक सिनर. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत ग्रँड स्लॅमच्या मिळून आठ स्पर्धा झाल्या. आठांपैकी चार एकाने नेल्या, चार दुसऱ्याने. तिसऱ्याला काही उरलेच नाही. त्याआधीची वीस वर्षे फेडरर, नदाल आणि जोकोविच या तिघांची. फेडररच्या २०, नदालच्या २२, जोकोविचच्या २४: मिळून ६६ विजेतेपदे तीन घरांत. ते साम्राज्य संपते आहे म्हणेपर्यंत हे दोघे येऊन बसले.

८ जून २०२५ची रात्र मला आठवते. पॅरिसचा अंतिम सामना होता. आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू झाला. बाहेर पाऊस लागला होता. नानांच्या घरी आम्ही सहा-सात जण जमलो होतो, आणि मध्ये एकदा कांदाभजीही झाली. पहिले दोन सेट सिनरने घेतले, तिसरा अल्काराझने. चौथ्या सेटमध्ये सिनर ५-३ असा पुढे, सर्व्हिस अल्काराझची, आणि गुण ०-४०. म्हणजे सिनरला विजेतेपदासाठी तीन संधी, त्यांतली एक घेतली की संपले. इतक्यात वीज गेली.

नानांनी अंधारातच निकाल जाहीर केला. “संपलं. चला, झोपा आता.” आम्ही जिने चढून घरोघरी गेलो आणि झोपलो. सकाळी चहाच्या वेळी मुलीचे डोळे लाल दिसले. ती रात्री अंथरुणात मोबाइलवर नुसते आकडे बदलताना पाहत जागी राहिली होती. तिन्ही संधी अल्काराझने वाचवल्या होत्या. तो चौथा सेट त्याने घेतला, पाचवा टायब्रेकवर घेतला, आणि ५ तास २९ मिनिटांनी तो जिंकला. मुलीने ही बातमी तळमजल्यावर जाऊन नानांना सांगितली, तेव्हा ते दात घासत होते. त्यांनी तोंड धुतले आणि म्हणाले, “हे बघ पोरी, हा तर त्या दोघांच्या आपसातला मामला झाला. माझा प्रश्न तसाच राहिला.”

तेव्हापासून त्या पावसाळ्यात आमच्याकडे या प्रश्नावर रोज बैठक बसू लागली. मी शिक्षक. मला माणसे प्रगतिपुस्तकात दिसतात. तेव्हा एका संध्याकाळी मी वहीच्या मागच्या पानावर उमेदवारांची यादी केली आणि शेरे लिहिले.

पहिले नाव जर्मनीच्या झ्वेरेव्हचे. तीनदा ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेला आणि तिन्ही वेळा हरला. २०२० साली न्यूयॉर्कला तर पहिले दोन सेट जिंकून हरला. मी शेरा लिहिला: ‘अभ्यास उत्तम, शेवटच्या पेपरात घाई.’ दुसरा इंग्लंडचा ड्रेपर. मार्च २०२५मध्ये इंडियन वेल्सला त्याने अल्काराझला हरवले आणि स्पर्धाही जिंकली. पुढे दंडाचे दुखणे जडले. ‘हुशार, हजेरी कमी.’ डेन्मार्कच्या रूनने त्याच एप्रिलमध्ये बार्सिलोनाला, अल्काराझच्याच मुलखात, त्याला अंतिम सामन्यात हरवले. ‘एके दिवशी पैकीच्या पैकी, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.’ ब्राझीलचा फोन्सेका अठरा वर्षांचा. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतला आयुष्यातला पहिलाच सामना तो जानेवारी २०२५मध्ये मेलबर्नला खेळला आणि नववे मानांकन असलेल्या रूबलेव्हला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवले. ‘नवा विद्यार्थी, लक्ष ठेवावे.’

पाचवे नाव चेक देशाच्या मेन्शिकचे, आणि त्याची गोष्ट नानांनी अशी रंगवून सांगितली की मुलीने ती दोनदा ऐकली. २०२५च्या मार्चमध्ये मायामीच्या स्पर्धेत पहिल्या सामन्याच्या आधीच त्याचा गुडघा इतका दुखत होता, की माघारीचा कागद घेऊन तो अधिकाऱ्यांना शोधत निघाला. अधिकारी जेवायला गेले होते. ते परत येईपर्यंत म्हणून तो उपचार करणाऱ्यांकडे गेला, त्यांनी गुडघा चोळून दिला, गोळी दिली, आणि हा म्हणाला, बघू तर खेळून. ती स्पर्धा त्याने जिंकली. अंतिम सामन्यात समोर जोकोविच होता.

“म्हणजे बघा मास्तर,” नाना म्हणाले, “सरकारी माणूस वेळेवर जेवायला गेला की देशाचं भलंच होतं.”

यादीच्या तळाशी मी जोकोविचचे नाव ‘माजी मुख्याध्यापक’ म्हणून लिहिले. ते मुलीला आवडले नाही. अडतिसाव्या वर्षी तो त्या सालच्या चारही ग्रँड स्लॅममध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला, हे तिने मला जरा रागानेच ऐकवले.

नानांना माझी यादी मान्य नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की ज्याचे नाव यादीत लिहिता येते तो क्वचितच येतो. २००१ साली विंबल्डनवर सॅम्प्रसला कोण हरवणार, हा प्रश्नसुद्धा वेडगळ वाटला असता. सात वेळा जिंकलेला माणूस तो. त्याला चौथ्या फेरीत एका एकोणीस वर्षांच्या पोराने हरवले. त्या पोराचे नाव फेडरर. पुढे त्या फेडररला कोण हरवणार, म्हणून आपण आठ वर्षे विचारत बसलो, आणि २००९ साली न्यूयॉर्कला अर्जेंटिनाचा डेल पोत्रो विसाव्या वर्षी उपांत्य सामन्यात नदालला आणि अंतिम सामन्यात फेडररला घेऊन बसला. आणि वावरिंका? स्वित्झर्लंडचा, पण फेडररच्या सावलीतला. अठ्ठाविसावे वर्ष संपत आले तरी हाती एकही मोठे विजेतेपद नाही. मग २०१४, २०१५ आणि २०१६ या तीन वर्षांत तीन, आणि तिन्ही अंतिम सामन्यांत समोर त्या वेळचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू.

“आपल्या वसईच्या किल्ल्याचं घ्या,” नाना म्हणाले. “फिरंग्यांना कोण हलवणार, म्हणत होतेच ना लोक? १७३७ला मोहीम निघाली, १७३९च्या मेमध्ये किल्ला पडला. दोन पावसाळे मध्ये गेले. त्या पावसाळ्यांत छावणीतल्या लोकांनी काय खाल्लं असेल, ते कुणी लिहून ठेवत नाही.”

नाना हे सहज बोलले, पण मला ते लागले. त्याचे कारण मला सांगितले पाहिजे.

मी मॅट्रिक. त्यापुढे चित्रकला शिक्षकाची पदविका केली आणि शाळेत लागलो. माझ्या वडिलांनी मॅट्रिकच्या निकालादिवशी एकच प्रश्न विचारला होता, “चित्रं काढून पोट भरतं का?” पोट भरले, पण जेमतेम. लिहिण्याचा नाद त्याहून वाईट. दोन कादंबऱ्या छापून झाल्या. त्या कुणी वाचल्या नाहीत असे म्हणणार नाही. वाचनालयांतून त्यांच्या पुठ्ठ्यांना घड्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. तिसरी लिहून पुरी केली आणि एका प्रकाशकांकडे नेली. गृहस्थ सज्जन होते. चहा पाजला, हस्तलिखित चार महिने ठेवून घेतले, आणि परत देताना म्हणाले, “लेखन चांगलं आहे हो. पण खपणारी नावं चार-पाचच. त्यांच्यापुढे टिकेल असं नाव तुमचं नाही.” विरार फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धे बसून मी ते बाड मांडीवर घेऊन आलो. बोरिवलीपर्यंत मला राग आला होता. नंतर नुसती झोप आली.

तरीही मी ठरवले, की ही कादंबरी स्वतःच्या पैशाने छापायची. त्यासाठी तीन वर्षे थोडेथोडे बाजूला टाकत होतो.

आणि इकडे मुलीचे टेनिस. भिंतीला पैसे पडत नाहीत. पण दर रविवारी पहाटेची लोकल धरून मुंबईच्या कोर्टावर जायचे, म्हणजे भाडे, शिकवणीची फी, चेंडू, बूट. रॅकेटच्या तारा तुटतात आणि तुटल्या की विणून घ्याव्या लागतात. हा खेळ असा आहे, की जिंकू लागेपर्यंत सगळा खर्चच. हरयाणाच्या सुमित नागलचेच पाहा. २०१९मध्ये त्याने न्यूयॉर्कला फेडररकडून पहिला सेट ६-४ घेतला, मग पुढचे तीन हरला. देशातला पहिला खेळाडू तो. पण २०२३ साली त्याने सांगितले, की बँकेत उरलेत ते नऊशे युरो, म्हणजे आपले ऐंशी हजार रुपये. त्याला हात देणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातली एक टेनिस संस्थाही होती. दोन-चार महिन्यांनी, जानेवारी २०२४मध्ये, त्याने मेलबर्नला एकतिसावे मानांकन असलेल्या बुब्लिकला हरवले आणि दुसऱ्या फेरीचे बक्षीस कोटीच्या घरात गेले. नाना ही गोष्ट शेवटापासून सांगतात. मला तिची सुरुवातच आठवत राहते. देशाच्या पहिल्या क्रमांकाची ही कथा, तर विरारच्या एका मास्तरच्या मुलीने कशाच्या भरवशावर पुढे जायचे?

जुलैत एके दिवशी मी जे केले, ते मला आज सांगायला बरे वाटत नाही. नानांनीच कधीतरी सांगितलेली नंदू नाटेकरांची हकीगत मी मुलीला सांगितली. सांगलीचे नाटेकर आधी टेनिस खेळत. १९५१-५२च्या सुमारास राष्ट्रीय कुमार स्पर्धेत त्यांची गाठ रामनाथन कृष्णन यांच्याशी पडली. कृष्णन वयाने चार वर्षांनी लहान, पण जिंकले तेच. नाटेकरांनी ओळखले की हा आपल्या आवाक्यातला नाही. रॅकेट ठेवली आणि बॅडमिंटनची उचलली. १९५६ साली क्वालालंपूरला ते जिंकले. परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. कृष्णनही मोठेच झाले. १९५४मध्ये विंबल्डनचे कुमार विजेतेपद, १९६० आणि १९६१मध्ये उपांत्य फेरी. १९६१मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच वर्षी टेनिसचा कृष्णन यांना मिळाला आणि बॅडमिंटनचा नाटेकरांना.

“किती छान ना?” मी म्हणालो. “माणसाला वेळेवर कळलं पाहिजे. बॅडमिंटनला खर्च कमी. शटलसाठी मुंबई गाठायला नको. तूही...”

ती काही बोलली नाही. पानातला भात संपवून उठली. त्यानंतर दोन दिवस मागच्या भिंतीवरचा आवाज बंद होता. रोज शाळेतून आल्यावर त्या आवाजाने माझे डोके उठत असे. ते दोन दिवस मला घरात बसवेना.

तिसऱ्या दिवशी नानांनी मला जिन्यात गाठले. “मास्तर, तुम्ही पोरीला गोष्ट अर्धीच सांगितलीत. नाटेकरांच्या मुलाचं काय?” गौरव नाटेकर टेनिसच खेळला. १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसबरोबर दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आला. “बापाने सोडलेली रॅकेट पोराने उचलली. आणि तुम्ही पोरीने उचललेली खाली ठेवायला सांगता? नाटेकरांनी टेनिस सोडलं ते स्वतः. त्यांना कुणी जेवताना सांगितलं नव्हतं.”

मी गप्प राहिलो. नानांना बोलायचे होतेच. “२०१७ची आठवण आहे का? आपण तिघे चर्चगेटला गेलो होतो ते?”

आठवण होती. नोव्हेंबर महिना होता, मुलगी सहा वर्षांची. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. आपल्या भारतीय मुलींचा खेळ पाहायचा म्हणून नाना आम्हांला घेऊन गेले होते. बाजूच्या कोर्टावर एक उंच, दणकट मुलगी खेळत होती. चेंडू मारताना अशी ओरडे, की आमच्या चिमुरडीने दोन्ही कानांवर हात ठेवले. फारसे कुणी पाहत नव्हते. मीही पाहिले नाही; मी बाहेर जाऊन तिघांसाठी सँडविच घेऊन आलो. त्या मुलीने ती स्पर्धा जिंकली. बेलारूसची होती. वय एकोणीस, नाव आर्यना सबालेन्का. २०२२ साली तिची सर्व्हिस अशी बिघडली, की सामन्यामागून सामने डबल फॉल्टच करीत होती. आणि २०२३च्या जानेवारीत तिने ऑस्ट्रेलियाची स्पर्धा जिंकली. त्याच सप्टेंबरात ती जगात पहिली झाली.

“पहिली येणारी बाई तुमच्यापासून वीस पावलांवर होती,” नाना म्हणाले, “आणि तुम्ही सँडविच आणायला गेलात. आता घरातल्या पोरीच्या बाबतीत तरी जागेवर बसा.”

सप्टेंबरात पुण्याला चौदा वर्षांखालच्या मुलींची एक स्पर्धा होती. प्रवेश फी, दोघांचे जाणे-येणे, राहणे, नवे बूट, दोन वेळा तारा. मी कागदावर बेरीज केली. कादंबरीच्या पैशांना हात लावल्याशिवाय जमत नव्हते. कागद आमच्या सौभाग्यवतींपुढे ठेवला. वाटले होते, त्या म्हणतील, राहू द्या यंदा. त्यांनी बेरीज तपासली, एक चूक दुरुस्त केली आणि म्हणाल्या, “कादंबरी पुढच्या वर्षीही छापता येईल. ही पुढच्या वर्षी चौदाच्या खाली नसेल.”

आम्ही पुण्याला गेलो. मुख्य फेरीच्या आधीच्या पात्रता फेरीत, पहिल्याच सामन्यात, तिच्यासमोर एक मानांकित मुलगी आली. त्या मुलीबरोबर शिक्षक होते, डॉक्टर होते, रॅकेटी पाच होत्या. आमच्या मुलीकडे दोन, आणि मी. पहिला सेट ६-१ गेला. सात डबल फॉल्ट झाले. कोर्टाबाहेरून बोलायला मनाई होती. जाळीला नाक लावून मी उभा होतो. दुसऱ्या सेटच्या तिसऱ्या गेमला माझ्या मनात एक विचार आला. दिवाळी अंकात खोटे कशाला लिहू? मनात आले, हरू दे. लवकर हरू दे. म्हणजे ती आपणच म्हणेल, बाबा, पुरे झाले. मग मला कुठली गोष्ट सांगावी लागणार नाही, अर्धी किंवा पुरी.

तो गेम ती जिंकली. पुढचा हरली, त्यापुढचा परत जिंकली. सेट ६-४ने गेला आणि सामना संपला. हात मिळवून ती बाहेर आली, पाण्याची अख्खी बाटली प्यायली, आणि गाडीत बसेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

दादरला आम्ही विरार गाडी धरली. तिच्या खांद्यावरची लांब पिशवी पाहून एका काकांनी विचारले, “क्रिकेट का?” दुसरे म्हणाले, “आमच्या विरारचा पृथ्वी शॉ असाच पहाटेच्या गाडीने जायचा हो मुंबईला.” टेनिस म्हटल्यावर दोघांनी ‘अच्छा’ म्हटले आणि थोडे सरकून तिला चौथी सीट दिली. विरारकर जागा देतो, याहून मोठा सन्मान आमच्या भागात नाही.

मिरा रोडच्या पुढे खाडीचा वारा आत आला, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तिची दुसरी सर्व्हिस मला कळायला लागली होती. ती चेंडू जरा मागे उडवायची, की समजायचं, बॅकहँडवर येणार.”

“मग?”

“मग मॅच संपली.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “पुढची कधी असते?”

मी खिडकीबाहेर पाहिले. पुलाखाली पाणी काळे दिसत होते. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे शब्द तोंडापर्यंत आले होते. मी म्हणालो, “नानांना विचारू. त्यांच्याकडे वेळापत्रक असतं.”

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. ठरावाप्रमाणे मी मागची भिंत पांढरी करीत होतो. जुनी रेघ चुन्याखाली गेली होती. चकलीच्या भाजणीचा वास सगळ्या मजल्यांवरून खाली येत होता. वरची मुले कंदिलाच्या काड्यांवरून भांडत होती. इतक्यात नाना मागच्या दारात आले आणि खुर्चीची वाट न पाहता पायरीवरच बसले.

“मास्तर, शांघायची स्पर्धा कुणी जिंकली सांगा.”

मी माझ्या यादीतली नावे ओळीने सांगितली. नाना प्रत्येक नावाला मान हलवीत होते.

“वाशेरो. मोनॅकोचा. जगात दोनशे चारावा! पात्रता फेरीच्या यादीतसुद्धा त्याचं नाव आधी नव्हतं, कुणी गळलं म्हणून आत आला. उपांत्य सामन्यात जोकोविचला हरवलं. आणि अंतिम सामन्यात समोर कोण? त्याच्या नात्यातला भाऊ!” एवढे बोलून नाना जरा थांबले. माणूस प्रामाणिक. “आता हेही खरं, की अल्काराझ दुखापतीमुळे आलाच नव्हता आणि सिनरच्या पायात गोळा आला. सिनरच्या समोर ग्रीकस्पोर होता. २०२३ साली आपल्या पुण्याची स्पर्धा जिंकून गेलेला, तोच.”

“म्हणजे तुमचा प्रश्न अजून तसाच आहे,” मी म्हणालो.

“आहे ना. पण कालपर्यंत मला हे नाव ठाऊक नव्हतं, मास्तर. सत्तरी उलटली माझी. टेनिसमध्ये मला ठाऊक नसलेलं नाव म्हणजे...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. ते फार आनंदात होते.

मुलगी मघापासून गेरूचे भांडे घेऊन उभी होती. मी खिळे ठोकले, सुतळी काढली. तिने सुतळी बाजूला ठेवली. “मला येते आता,” म्हणाली. दोन्ही टोकांना साडेतीन फुटांवर, मध्ये तीन फुटांवर तिने तीन ठिपके दिले आणि एका दमात रेघ ओढली. चित्रकलेचा शिक्षक म्हणून सांगतो, रेघ उजवीकडे थोडी हलली होती. मी काही बोललो नाही. माझी तिसरी कादंबरी टेबलाच्या खणात आहे. त्या रात्री मी ती काढून पहिले प्रकरण पुन्हा वाचले आणि बरेचसे खोडले.

रेघ वाळेपर्यंत थांब, असे मी तिला तीनदा सांगितले होते. दिवेलागणीला मागून आवाज आला: टप्, टप्, टप्. जाऊन पाहतो तो ओल्या रेघेला चेंडू लागलेला, चेंडूला गेरू लागलेला, आणि त्या चेंडूचे गोल गोल तांबडे शिक्के माझ्या नव्या पांढऱ्या भिंतीवर सगळीकडे उमटलेले. बरेचसे रेघेच्या वर होते. काही खालीही होते.

चिटणिसांची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळी आली.